आखूड, उभ्या उताराच्या ओढ्यात पहिल्यांदा कयाक नेण्याआधी

कोलाडला कुंडलिका नदीवर कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची एकट्याची होडी, शिकलेली मंडळी एक-दोन मोसमांनी हमखास विचारतात: जुलैत केरळला जाऊ का? कोळिकोड जिल्ह्यात वायनाडच्या घाटाखाली चालिपुळा आणि इरुवंजिपुळा या दोन छोट्या नद्या आहेत. उन्हाळ्यात तिथे दगडांवरून चालत पलीकडे जाता येतं, आणि पावसाळ्यात त्याच दगडांमधून पांढरं पाणी घोंगावतं. २०१३ पासून तिथे मलबार रिव्हर फेस्टिवल भरतो, देशोदेशीचे कयाकर येतात. उभ्या उताराचं पाणी शिकायला भारतात याहून सोयीची जागा मला सुचत नाही. बऱ्याच ठिकाणी गाडीरस्ता काठाजवळ पोचतो, पाणी गार पडत नाही आणि टप्पे आखूड आहेत.

तर जा, पण तयारीनं जा. ती तयारी कोणत्या क्रमाने करायची ते पुढे सांगतो. माझा सगळा भर थांबता येण्यावर आहे. हव्या त्या दगडामागे ज्याला कयाक थांबवता येते त्याने ओढ्यात उतरावं. ज्याला ते जमत नाही त्याने, रोल (उलटलेली होडी आत बसूनच पुन्हा सरळ करणं) कितीही पक्का असला तरी, आणखी एक मोसम कोलाडला काढावा.

आधी ओढा समजून घ्या

किलोमीटरमागे साधारण २० मीटरहून जास्त उतार असेल तर कयाकर त्या प्रवाहाला क्रीक म्हणतात. अशा ठिकाणी पाणी थोडं असतं आणि दगड फार. कुंडलिकेवर उलटलात तर सावरायला वेळ मिळतो, खाली खोल पाणी असतं, आणि रॅपिड, म्हणजे खळाळत्या पाण्याचा टप्पा, संपला की लांबलचक संथ पट्टा येतो. ओढ्यात एका उडीखालचा, म्हणजे पाणी एकदम खाली पडतं त्या पायरीखालचा, डोह दहा-पंधरा मीटरचा असेल आणि त्याच्या टोकाला पुढची उडी असेल. तुम्ही उलटे असताना डोक्याखाली खडक किती अंतरावर आहे हे कळत नाही. शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो, म्हणून वरच्या टप्प्यात हाताने ढकलून सुटणारी होडी खालच्या टप्प्यात चौघांनाही हलत नाही.

मग आपले ताम्हिणीचे, माळशेजचे ओढे का नकोत, असं कुणी तरी विचारतंच. सह्याद्रीचा कातळ बेसॉल्टच्या थरांचा आहे. पाणी एका थरावर सपाट वाहतं आणि थर संपला की एकदम कड्यावरून कोसळतं. मधल्या उंचीच्या, एकामागून एक उतरता येतील अशा पायऱ्या त्यात क्वचित सापडतात. काठाने चालत जाऊन पुढचं पाहायला वाट नसते, आणि पावसात अनेक ठिकाणी जिल्हा प्रशासनाची बंदीही असते. ती पाळा. मलबारकडचा कातळ ग्नाइस आणि चार्नोकाइटचा, पाण्याने घासून गोल झालेला आहे. होडीला तो मानवतो.

पहिली पायरी: कोलाडला एडी पकडायला शिका

मुळशी धरणाचं पाणी भिऱ्याच्या टाटांच्या वीजकेंद्रातून खाली येतं आणि पुढे कुंडलिकेत सोडलं जातं, म्हणून ही नदी भर उन्हाळ्यातही वाहती असते. सकाळी पाणी सुटतं, राफ्टवाले निघतात, आणि काही तासांत ते उतरून जातं. (याच धरणासाठी गावं बुडाली आणि सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी सत्याग्रह झाला. त्या पाण्यावर मजा करणाऱ्या प्रत्येकाला एवढं ठाऊक असावं असं मला वाटतं.) पाणी रोज जवळपास सारखंच येत असल्यामुळे एकच जागा पुन्हा पुन्हा घोटता येते. शिकणाऱ्याला याहून मोठी सोय नाही.

एडी म्हणजे दगडाच्या किंवा काठाच्या कोपऱ्याच्या खालच्या अंगाला तयार होणारी शांत जागा. मुख्य प्रवाह दगडाला वळसा घालून खाली धावतो आणि दगडामागची पोकळी भरायला थोडं पाणी उलटं, वरच्या दिशेने फिरतं. या दोन पाण्यांच्या मधली शिवण नीट पाहिली की दिसते: एका बाजूला बुडबुडे खाली पळतात, दुसऱ्या बाजूला ते वर सरकत असतात. हीच एडी लाइन.

नवखे तिथे हमखास एकाच प्रकारे चुकतात. एडीच्या समोर आल्यावर ते वळायला लागतात, तोवर प्रवाहाने त्यांना खाली ओढलेलं असतं, आणि एडीची शेपटी हाती लागते, जिथे उलटा प्रवाह जवळजवळ मेलेला असतो. वळण बरंच आधी घ्यायचं असतं. नजर एडीच्या वरच्या टोकावर, थेट दगडाला चिकटून असलेल्या पाण्यावर ठेवा. साधारण ४५ अंशांचा कोन धरा आणि वल्ह्याचे दोन-तीन जोरकस फटके मारून शिवण ओलांडा. नाक शांत पाण्यात शिरलं की शेपूट अजून धावत्या पाण्यात असतं, त्यामुळे होडी आपोआप वर तोंड करून फिरते. त्या क्षणी सायकल वळवताना कलतो तसं वळणाच्या आतल्या अंगाला कलायचं, आतल्या बाजूचं वल्हं पुढे, एडीच्या पाण्यात रोवायचं आणि होडी त्याच्याकडे ओढून घ्यायची. कलायला विसरलात तर उलटं पाणी होडीची कड खाली दाबतं आणि तुम्ही शांत पाण्यातच उलटता.

आता सराव. एकच रॅपिड निवडा. त्यातली प्रत्येक एडी पकडा, डावीकडची आणि उजवीकडचीही. ते जमलं की आधी एडी म्हणून मोजलीच नव्हती अशा जागा शोधा: होडी जेमतेम मावेल एवढी, एकाच दगडामागची. मग फेरी, म्हणजे प्रवाहाकडे तोंड ठेवून, खाली न वाहता एका काठाच्या एडीतून समोरच्या काठाच्या एडीत जाणं. हे कंटाळा येईपर्यंत करा. उभ्या ओढ्यातला बहुतेक वेळ याच कामात जातो: एडीतून निघा, एक उडी उतरा, पुढची एडी पकडा, मान वळवून मागच्याकडे पाहा.

रोलबद्दल थोडक्यात. संथ पाण्यात नाकाला चिमटा लावून ठरवून केलेला रोल धरू नका. धावत्या पाण्यात, अचानक उलटल्यावर, दोन्ही बाजूंनी येतो तो रोल. आणि उलटे असताना छाती पुढच्या डेकला, म्हणजे होडीच्या वरच्या पाठीला, चिकटवून बसा. मागे रेललात तर चेहरा आणि मान खडकाच्या वाटेत येतात.

दुसरी पायरी: होडीशिवाय पोहा, आणि दोर फेका

होडी सुटणार, कधी ना कधी सुटणारच. म्हणून लाइफ जॅकेट आणि हेल्मेट घालून, अनुभवी माणूस खाली दोर घेऊन उभा असताना, सोप्या रॅपिडमधून नुसतं पोहून पाहा. पाठीवर, पाय खालच्या दिशेला, बोटं पाण्यावर. डोह आला की पालथं होऊन जीव खाऊन काठाकडे पोहायचं.

गुडघ्याहून खोल धावत्या पाण्यात उभं राहू नका, कितीही मोह झाला तरी. पाऊल दोन दगडांच्या फटीत अडकतं, पाठीवर पाणी आदळून माणूस पुढे पडतो, आणि मग तोंड वर काढता येत नाही. उथळ दिसणाऱ्या पाण्यात माणसं अशीच दगावतात. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहिले असतील, तर कातळात पाणी कसली भोकं पाडतं याची कल्पना येईल. कातळी तळाच्या ओढ्यात असे खळगे पाण्याखाली दडलेले असू शकतात.

पडलेल्या झाडाच्या फांद्यांतून पाणी जात असेल आणि तुम्ही तिकडे ओढले जात असाल, तर पाठीवरची पद्धत सोडा. पालथं होऊन झाडाकडे जोरात पोहा आणि पोचताक्षणी छाती फांदीवर चढवा. पाय आधी गेले तर पाणी तुम्हाला खाली गाळून घेतं.

दोराची पिशवी, म्हणजे थ्रो बॅग, १५ ते २० मीटरची घ्या. मोकळं टोक एका हातात, पिशवी दुसऱ्यात. मोठ्याने ‘दोर!’ ओरडा, त्याने पाहिलं की पिशवी त्याच्या डोक्यावरून पलीकडे जाईल अशी फेका, म्हणजे दोर त्याच्या अंगावर पडतो. लगेच बसा, पाय दगडाला टेकवा. वाहणाऱ्याने दोर छातीशी धरून पाठीवर व्हायचं, तो हाताला कधीही गुंडाळायचा नाही. प्रवाहच त्याला लंबकासारखा काठाला आणून सोडतो. फेकायच्या आधी आपल्या खालच्या अंगाला काय आहे ते बघा. तुम्ही त्याला आणखी वाईट जागेत झुलवत असाल तर दोन पावलं वर-खाली सरकून उभं राहायला हवं होतं. पहिला फेक चुकला तर पिशवी भरत बसू नका, दोर वेटोळा करून पुन्हा फेका. हा दुसरा फेक पार्कात, मैदानात, कुठेही घोटता येतो, आणि तो घोटणारे फार थोडे भेटतात. स्विफ्टवॉटर रेस्क्यूचा, म्हणजे धावत्या पाण्यातल्या बचावाचा, कोर्स मिळाला तर नवी होडी घेण्याआधी तो करा.

तिसरी पायरी: सामान

क्रीकची होडी जाड पॉलिथिलीनची, आठ-नऊ फुटांची, पोटाने गोल आणि नाक-शेपूट वर उचललेली असते. फुगीर असल्यामुळे ती बुडाली तरी लवकर वर येते. पाय टेकायला आत पूर्ण रुंदीची फळी हवी, सुटे पेडल नकोत. खाली आपटल्यावर पाय पुढे निसटू शकतो. डेकवर पकडायला धातूच्या मजबूत कड्या हव्यात, कारण अडकलेली होडी त्यांनाच दोर लावून ओढतात. मागच्या पोकळीत हवेच्या पिशव्या भरा. पहिल्या खेपेला हे सगळं विकत घेऊ नका, तिथेच भाड्याने किंवा तुमच्या प्रशिक्षकाकडून मिळतं का ते आधी विचारा.

स्वतःच्या मापाचं असावं असं मात्र हेल्मेट आणि लाइफ जॅकेट. हेल्मेटने कपाळ, कानशील आणि मानेचा वरचा भाग झाकला पाहिजे. सायकलचं किंवा क्रिकेटचं चालत नाही. शिट्टी, जॅकेटला पटकन निघेल अशी सुरी, घोट्यापर्यंतचे घट्ट बूट, कोपरांना पॅड. गटात एक जोडवल्हं (तुकडे जोडून तयार होणारं जादा वल्हं) आणि पहिल्या मदतीची पेटी. स्प्रे स्कर्टचा, म्हणजे कमरेभोवतीच्या, होडीत पाणी शिरू न देणाऱ्या झाकणाचा, समोरचा पट्टा बाहेर आहे ना, हे स्वतःचं बघा आणि शेजारच्याचंही. तो आत राहिला तर उलटल्यावर स्कर्ट सुटत नाही.

चौथी पायरी: पाऊस वाचा

धरणाच्या पाण्याची सवय झालेल्या माणसाला हे सगळ्यात अवघड जातं. कुंडलिकेत पाणी ठरल्या वेळी येतं. मलबारच्या ओढ्याला वेळापत्रक नाही. वर वेल्लरीमलाच्या डोंगरात सर कोसळली आणि तुम्ही खाली कोरड्या आभाळाखाली उभे असलात, तरी पाणी तुमच्यापर्यंत पोचणारच. पाणलोट लहान आणि उभा, त्यामुळे चढही झटकन होतो.

हवामान खात्याच्या भाषेत २४ तासांत ६४.५ मिमीपासून जोरदार पाऊस, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.५ किंवा जास्त म्हणजे अत्यंत जोरदार. कोळिकोडबरोबर वायनाडचा इशाराही बघा, कारण पाणी घाटावरून येतं. माझा नियम साधा आहे. यलो असेल तर स्थानिक माणसांना विचारून ठरवायचं, ऑरेंज असेल तर नवख्यांनी काठावरच राहायचं, रेड असेल तर कुणीच उतरायचं नाही. ३० जुलै २०२४ च्या पहाटे याच डोंगरांच्या पलीकडच्या अंगाला मुंडक्कई आणि चूरलमला इथे दरड कोसळली आणि शेकडो माणसं गेली. त्या रात्रीआधी दोन दिवस तिथे प्रचंड पाऊस झाला होता. डोंगर पाण्याने तुडुंब असतो तेव्हा ओढ्यातच नव्हे, ओढ्याच्या काठावर मुक्कामालाही थांबू नये.

उतरण्याआधी काठावरचा एक दगड निवडा आणि पाणी कुठवर आहे ते खुणेने लक्षात ठेवा. कपडे बदलून, होड्या आणून परत याल तेव्हा खूण बुडाली असेल तर पाणी चढतंय. पाणी एकाएकी तांबडं, गढूळ झालं, पालापाचोळा आणि ओंडके वाहत यायला लागले, आवाज जड झाला, की वाट बघू नका. होडी काठावर ओढा आणि वर चढा. होडी गेली तर जाऊ द्या.

पाचवी पायरी: उतरून बघा

पुढचं पाणी दिसत नाही तिथे थांबायचं, होडीतून उतरायचं, चालत जायचं. क्षितिजरेघ, म्हणजे पाणी जिथे एकदम संपल्यासारखं वाटतं आणि पलीकडे फक्त झाडांचे शेंडे दिसतात, ती आली की वरच्या एडीत थांबलंच पाहिजे. म्हणून पहिली पायरी एडीची होती.

पाहताना खालून वर पाहा. आधी उडीच्या पायथ्याशी उभे राहा आणि विचारा: इथे होडी सुटली तर मी कुठे जाईन? खाली डोह आहे का, की लगेच पुढची उडी? दोरवाला कुठे उभा राहील? या प्रश्नांना धड उत्तर नसेल तर वरची लाइन, म्हणजे होडीची वाट, कितीही सुरेख दिसो, तिचा विचार सोडा. उत्तर असेल तर मग उडीच्या ओठाकडे, म्हणजे पाणी जिथून खाली पडतं त्या कडेकडे, या आणि नेमकी खूण ठरवा: अमुक काळ्या दगडाच्या हातभर डावीकडून. होडीत बसल्यावर सगळं वेगळं आणि खालून दिसतं, म्हणून खूण पाण्याच्या वर राहणारी, न हलणारी हवी.

काय टाळायचं तेही इथेच ठरतं. पाणी दगडांच्या ढिगातून गाळल्यासारखं नाहीसं होत असेल तर ती चाळणी. तिच्या वाटेला कधीच जायचं नाही. पाणी खडकावर आदळून उशीसारखं फुगत नसेल आणि सरळ त्याच्या पोटात शिरत असेल, तर खडक खालून पोखरलेला आहे. उडीखाली फेसाळ पाणी मागे फिरत असेल तर ते होल. त्याची दोन्ही टोकं खालच्या दिशेला वळलेली असतील तर ते माणसाला कडेने बाहेर टाकतं. टोकं वरच्या दिशेला वळलेली असतील, किंवा दोन्ही बाजू कातळाने बंद असतील, तर ते धरून ठेवतं.

आणि बंधारा. आपल्याकडचा के. टी. (कोल्हापूर पद्धतीचा) बंधारा असो की केरळातला चेकडॅम, भरून वाहताना तो अगदी निरुपद्रवी दिसतो: एकसारखी, गुळगुळीत, फूट-दोन फुटांची धार. पण ती धार काठापासून काठापर्यंत सारखी असल्यामुळे खालचं होलही काठापासून काठापर्यंत असतं, त्याला सुटायला टोकच नसतं. बंधारा होडी खांद्यावर घेऊनच ओलांडायचा, नेहमीच.

सहावी पायरी: बूफ

उडीवरून नाक खाली करून पडलात तर होडी खोल जाते, होलमध्ये अडकते, किंवा तळाच्या खडकात रुतते. म्हणून नाक वर ठेवून पोटावर उतरायचं आणि होलच्या पलीकडे पडायचं. याला बूफ म्हणतात.

यात ताकदीपेक्षा वेळेचं महत्त्व आहे. मध्यम वेगाने, ठरवलेल्या खुणेवर नजर ठेवून या. ओठाच्या टोकाशी वल्हं उभं धरून ओठाच्या पलीकडच्या पडत्या पाण्यात रोवा आणि कमरेपर्यंत ओढा. ओढतानाच गुडघे छातीकडे उचला, म्हणजे नाक आडवं राहतं. हवेत असतानाच धड पुन्हा पुढे आणा आणि खाली टेकताच दुसऱ्या बाजूचा फटका मारा. मागे रेललेले राहिलात तर शेपूट दबतं आणि होडी मागच्या मागे उलटते. फार उंचीवरून, फेस नसलेल्या घट्ट पाण्यावर पूर्ण सपाट पडलात तर कण्याला मार बसतो. म्हणून सुरुवात अर्ध्या-एक मीटरच्या पायरीने, खाली खोल डोह असताना करा. कोलाडला दगडाच्या कडेवरून पाणी घसरतं अशा लहान जागा सापडतात, तिथे फक्त वल्हं रोवण्याची वेळ साधायला शिका.

सातवी पायरी: गटाने उतरा

तिघांपेक्षा कमी नकोत, आणि त्यातला किमान एक त्या ओढ्यात आधी उतरलेला हवा. उडीवर एका वेळी एकच होडी. खालचा एडीत पोचून वल्हं उभं धरेल तेव्हाच पुढच्याने निघायचं. वल्हं डोक्यावर आडवं म्हणजे थांबा. कडेला बोट दाखवलं तर ती जायची दिशा असते, धोक्याकडे बोट कधी दाखवायचं नाही. पाण्याच्या आवाजात ओरडणं ऐकू येत नाही, म्हणून एक शिट्टी लक्ष वेधायला आणि तीन शिट्ट्या संकटाच्या. हे सगळं निघण्याआधी काठावर एकदा करून दाखवा, अनुभवी गटानेसुद्धा.

होडी दगडावर आडवी आदळली तर मन सांगतं की दगडापासून दूर व्हा. उलट करायचं असतं: दगडाकडे झुका, त्याला मिठी मारा. दूर झुकलात तर वरची कड पाण्याखाली जाते आणि होडी दगडाला गुंडाळली जाते. होलमध्ये आडवे अडकलात तर खालच्या दिशेला कलून वल्ह्याने टेका घ्या आणि होडी पुढे-मागे करत एका टोकाला सरका.

एखाद्या उडीवर मन मागे हटत असेल तर होडी उचला आणि चालत खाली या. मी ज्यांच्याकडून शिकलो ते अजूनही काठाने चालताना दिसतात, आणि त्यांना कुणी कारण विचारत नाही.

पोचणं आणि नंतरचं

मुंबईहून नेत्रावती एक्स्प्रेस कोकण रेल्वेने थेट कोळिकोडला जाते. पावसाळी वेळापत्रक वेगळं असतं, ते बघून तिकीट काढा. तिथून तुषारगिरी आणि कोडंचेरीकडे रस्त्याने. चालिपुळेवर पुलिक्कयम आणि इरुवंजिपुळेवर पुल्लूरांपाऱ्याजवळ इलंतुकडवु इथे महोत्सवाच्या स्पर्धा होतात. पहिल्या वर्षी नुसतं बघायला आणि अनुभवींचा सल्ला घ्यायला गेलात तरी खेप वाया जात नाही. अरिप्पाऱ्याच्या घसरड्या कातळावर मात्र पाय टाकू नका. तिथे पोहायला, फोटो काढायला गेलेली माणसं बुडाली आहेत.

शेवाळलेल्या वाटेवर होडी खांद्यावर घेऊन चालताना जळवा लागतील, त्यांचं फार मनावर घेऊ नका. लेप्टोचं मात्र मनावर घ्या. पावसाळी पाण्यात लेप्टोस्पायरोसिसचे जंतू असतात आणि ते कातडीवरच्या जखमेतून शिरतात. जाण्याआधी डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळी घ्यायची का ते ठरवा, खरचटलेल्या जागा झाकून पाण्यात उतरा, आणि बाहेर आल्यावर स्वच्छ पाण्याने धुवा. घरी परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप, पोटऱ्या दुखणं किंवा डोळे लाल होणं असं काही झालं, तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की तुम्ही ओढ्यात होता.